तिसावा दिवस

बाई : कोर्टात म्हणणं द्यायचे तीस दिवस काल संपले, साहेब. आता माफीचा अर्ज कुठल्या खिडकीवर देतात, तेवढं सांगा.

कारकून : माफी कसली? आधी कागद दाखवा बघू.

बाई : हे समन्स. माझ्या थोरल्या भावाने माझ्यावर दावा लावलाय. आणि हे माझं लेखी म्हणणं. दोन प्रती आहेत.

कारकून : अहो, हे काय! पानं शिवलीत तुम्ही?

बाई : मशीनवर. टाचणीने पानं सुटतात. मी टेलर आहे.

कारकून : वीस वर्षं या खिडकीवर बसतोय, पण सुरकुती नाही, दुमड नाही, टीप मारलेलं म्हणणं पहिल्यांदा बघतोय. मजकूरही नेटका आहे. कधी लिहिलंत?

बाई : समन्स आल्यावर सहाव्या दिवशी.

कारकून : सहाव्या! मग इतके दिवस काय लोणचं घालत होतात त्याचं?

बाई : भाऊ वरच्या मजल्यावर राहतो, दुकान खाली. रोज वाटायचं, आज खाली येईल आणि म्हणेल, फाडून टाक ते कागद. काल तर कात्री हातात घेऊन बसले आणि पावलांचा आवाज ऐकत राहिले. एक कापड कापलं नाही.

कारकून : दावा कशाचा आहे?

बाई : जिन्याखालच्या वाटेचा. ती एकट्याची म्हणतो, भिंत घालायचीय त्याला. माझ्या दुकानाचं दार तिथेच उघडतं. गिऱ्हाईक काय खिडकीतून उडी मारून येणार?

कारकून : आणि तुम्ही म्हणणं दिलंच नाही, तर तुमचं न ऐकता निकाल लागू शकतो. कळतंय ना?

बाई : कळतंय म्हणून तर रात्रभर डोळ्याला डोळा नाही.

कारकून : थांबा. समन्स हातात कधी पडलं?

बाई : मागच्या तीन तारखेला. सही करून घेतलं.

कारकून : महिना तीस दिवसांचा. आज तीन. मग काल कसे संपले? मोजून दाखवा.

बाई : तीन तारीख पहिला दिवस, चार दुसरा... काल दोन तारखेला तीस भरले.

कारकून : तीन तारीख का धरलीत?

बाई : का म्हणजे? सकाळी कापड आलं की तो दिवस माझ्याच डोक्यावर बसतो. चार दिवसांत देते म्हटलं की त्या दिवसापासूनच चार. आमच्यात असंच मोजतात.

कारकून : तुमच्यात मोजत असतील. कोर्टात कागद मिळाला तो दिवस सोडून देतात. चार तारीख पहिला दिवस.

बाई : म्हणजे...

कारकून : म्हणजे आज तिसावा.

बाई : अगं बाई! खरंच? पुन्हा एकदा मोजा ना.

कारकून : मोजलं. पण खिडकी बंद व्हायला वीस मिनिटं आहेत, आणि तुम्ही एकाही पानावर सही केलेली नाही. हे घ्या पेन. प्रत्येक पानाखाली करा, आणि शेवटी ‘हे सर्व खरे आहे’ लिहिलंय, तिथेही.

बाई : दोन्ही प्रतींवर करू?

कारकून : दोन्हींवर. घाई करा.

(शिक्का दोनदा आपटल्याचा आवाज.)

कारकून : झालं. ही प्रत कोर्टाची. दुसरी समोरच्या पक्षाला द्यायची. पोस्टाने पाठवलीत तरी चालेल, पावती तेवढी जपून ठेवा.

बाई : आणि हातोहात दिली तर?

कारकून : तर मिळाल्याची सही त्याच्याकडून घ्या.

बाई : त्यासाठी त्याला दार उघडावं लागेल.

कारकून : लागेलच की. बंद दाराआडून सही कशी देणार?

बाई : मग पोस्ट नको. मीच जिना चढून जाते.