पेट्रोलच्या झाकणावरचं चंदन

आजच्या सभेचे अध्यक्ष माननीय अनिरुद्धराव, व्यासपीठावरचे सन्माननीय पाहुणे, राजवाडा परिसरातली आपली सगळी मराठी कुटुंबं, आणि ज्यांच्यासाठी आपण जमलो ते वेंकटअण्णा, सर्वांना सीतालक्ष्मीचा नमस्कार.

बेचाळीस वर्षं कार्बोरेटरच्या गाड्या दुरुस्त करून अण्णा आता शेड बंद करताहेत. त्यांच्या हाताचं कौतुक आधीच्या वक्त्यांनी केलंच आहे. मी फक्त माझ्या गाडीचं सांगते. अध्यक्षांनी घड्याळ पाहू नये. मी शिक्षिका आहे, तास संपायच्या आत आटोपते.

चोवीस वर्षांपूर्वी आमच्या गल्लीत गाडी चालवणारी मी पहिली बाई. माझ्या वडिलांची, अप्पांची जुनी अँबॅसेडर घेऊन ओरत्तनाडूच्या शाळेत जायचे. त्या वर्षी नवरात्रात गाडीची आयुधपूजा झाली, आणि त्यानंतर ती वाटेत बंद पडू लागली. आठ-दहा किलोमीटर छान जायची, मग पेट्रोल मिळत नसल्यासारखी आचके देत थांबायची. थोडा वेळ उभी ठेवली की पुन्हा सुरू. दोन मेकॅनिक झाले, इंजिनाला पेट्रोल ओढून देणारा पंप दोनदा नवा बसला. मग दोष कुणाला दिला असेल सगळ्यांनी? माझ्या चालवण्याला. अप्पांनी किल्ली काढून घेतली. फार लागलं मला ते.

शेवटी अण्णांना बोलावलं. त्यांनी पंपाला हातच लावला नाही. शेजारी बसून गाडी बंद पडेपर्यंत मला चालवायला लावली, मग उतरून टाकीचं झाकण उघडलं. फुस्स आवाज झाला आणि गाडी लगेच सुरू. घरी येऊन अप्पांना एवढंच म्हणाले, "पंप चांगला आहे. झाकणाचं बारीक भोक बुजलेलं, टाकीत हवा जात नव्हती, म्हणून पंपाला पेट्रोल ओढता येईना. पोरगी गाडी नीट चालवते. किल्ली तिला द्या."

त्या किल्लीवर मी नोकरी केली, मुख्याध्यापिका झाले.

पुढे दर आयुधपूजेच्या दुसऱ्या दिवशी अण्णा प्रसादाच्या हरभऱ्यांचं सुंडल खायला यायचे, जाताना गाडीभोवती एक फेरी मारायचे. मी समजायचे, माझ्या हातच्या सुंडलची ओढ. गेल्या आठवड्यात त्यांनी माझ्या हातावर एक पिन ठेवली. "आता तुझं तूच बघ, सीता. चंदन झाकणाच्या मधोमध लावू नको."

त्या वर्षी घरची पूजा पहिल्यांदा माझ्याकडे आली होती. गाडीची एक जागा मी चंदनाशिवाय सोडली नव्हती. भोक मीच बुजवलं होतं, आणि दर वर्षी बुजवत होते; फेरी मारताना अण्णा ते त्या पिनेनं मोकळं करायचे.

"तेव्हाच का नाही सांगितलंत?" मी विचारलं.

"तेव्हा सांगितलं असतं, तर अप्पांनी किल्ली दिली असती?"

असा माणूस आपल्या गल्लीतला आहे, याचा मला अभिमान वाटतो. ते इथे सगळ्यांसमोर सांगायचं होतं.

आयोजकांनी बोलू दिलं, आपण शांतपणे ऐकलंत, मी आभारी आहे. काही कमीजास्त बोलले असेन तर सभेनं मोठ्या मनानं क्षमा करावी. अण्णांची मात्र मी क्षमा मागत नाही. माझ्या चुका गुपचूप दुरुस्त करायची त्यांना चोवीस वर्षांची सवय आहे. चला अण्णा, गाडी बाहेर उभी आहे. घरी मी सोडते.