घोषणा म्हणजे बोलणं नव्हे

...नाही नाही, फोन इथं घ्यायचा नाही ताई, आधी बंद करा तो. काउंटरपाशी बोललेलं चालतं, पण मी बोललेलं — तुम्ही नुसती मान हलवायची. हां, अशी. छान जमतंय तुम्हाला. सभासद व्हायचंय ना? मग नियम कानांनीच ऐकून घ्या, कारण भिंतीवर लावलेत ते कुणी वाचत नाही. इथं येऊन माणसं सगळं वाचतात, पुडीचा कागदसुद्धा वाचतात, नियम तेवढे सोडून. तर — पान उलटताना बोटाला थुंकी लावायची नाही. ओठ हलवत वाचायचं नाही. शिंक आली तर पहिली माफ, दुसरी बाहेर व्हरांड्यात. घोरणं हे बोलण्यात धरायचं की नाही, यावर आमच्या कार्यकारिणीत मोठा वाद झाला होता. अध्यक्ष वकील आहेत ना आमचे, त्यांनी निकाल दिला — शब्दांवाचून घोरणं क्षम्य, झोपेत बडबडणं मात्र गुन्हा. हसू नका हो. हसण्याचा नियम वेगळा आहे, तो नंतर सांगते.

कुणी केले म्हणजे? मीच केले. ग्रंथपाल मी आहे. आले तेव्हा ही जागा म्हणजे निव्वळ चावडी होती — इकडे निवडणूक, तिकडे गुडघेदुखी, मधे कुणाच्या तरी सुनेचं काहीतरी. मी सहा महिन्यांत सगळ्यांना असं गप्प केलं, असं गप्प केलं की पंख्याची कुरकुर ऐकू यायला लागली. मग पंख्याला तेल घातलं. — अहो, नाही, तिथं नका बसू! ती खुर्ची... रिकामी आहे, दिसतंय मला, पण ती नको. दुसरी कुठलीही घ्या. किंवा उभ्याच राहा, बरं पडेल.

आमच्या ह्यांची आहे ती. ह्यांची म्हणजे — वाचनालयाचीच, पण हे बसतात तिथं. नवरा हो माझा. बसस्थानकावर घोषणा करायचे. ‘प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे’ — तो आवाज ह्यांचा. काय आवाज! खर्जातला, स्वच्छ. बाकावर डुलक्या घेणारा माणूस दचकायचा नाही, पण उठून बरोबर आपल्याच गाडीत जाऊन बसायचा. निवृत्त झाले, माइक सुटला, पण सवय कुठली सुटते? घरात सुरू! ‘आंघोळीचे पाणी न्हाणीघरात लागलेले आहे.’ ‘आजचा चहा काही अपरिहार्य कारणांमुळे उशिरा सुटेल.’ शेजारीण आली की — ‘शेजारीणबाई दरवाजा क्रमांक एकवर येत आहेत.’ आम्हाला दरवाजा एकच आहे हो! मी इथं दिवसभर शांततेत राहणारी बाई, घरी गेले की बसस्थानक. किती सोसायचं? एकदा जेवायला बसलो, हे वाढता वाढता सुरू झाले, ‘भाजी ताटात येत आहे, कृपया हात मागे घ्यावा’ — मी म्हटलं, बास! आजपासून घरातसुद्धा वाचनालयाचे नियम. हे म्हणाले, ‘कुठून कुठपर्यंत?’ म्हटलं, उंबऱ्यापासून मोरीपर्यंत. झालं. ह्यांनी मान हलवली आणि तोंडाला कुलूप.

मला वाटलं, दोन दिवस फुगतील नि बोलतील. कसले बोलताहेत! आयुष्यभर वेळापत्रकावर चाललेला माणूस, नियम म्हणजे नियम. भाजीत मीठ नसलं तरी नाही बोलले. पायावर पाटा पडला — नाही बोलले, नुसते एका पायावर घरभर फिरले. लेकीचा फोन आला की कानाला लावून उभे राहायचे. ती मला म्हणते, ‘आई, बाबा मान हलवतात म्हणे फोनवर, मला कशी दिसणार ती?’ मी म्हणायचे, हलवली गं, हो म्हणाले. मी सांगू शकले असते ह्यांना, की बोला आता, झालं ते झालं. शकलेच असते. पण नियम माझा, आणि तो मीच मोडायचा? उद्या इथले सगळे म्हणतील, घरी एक नि इथं एक. — तुमचं लग्न झालंय ना? मग तुम्हाला काय सांगायचं.

आणि एक दिवस हे इथं हजर. फॉर्म भरलेला, फोटो चिकटवलेला, जामीनदार म्हणून नणंदेची सही. तिला म्हटलं, वन्सं, तुम्ही सही कशी केलीत? तर म्हणे, ‘त्याने कागद पुढे केला, मला वाटलं इच्छापत्र आहे.’ नियमाप्रमाणे सभासद करून घ्यावंच लागलं. त्या खुर्चीत बसायला लागले, काउंटरच्या बरोब्बर समोर. पुस्तक उघडं, पण नजर इकडे. पान म्हणून उलटायचे नाहीत. मला काही बोलता येईना, त्यांना बोलायचं नव्हतं, अशी आमची दिवसभर समोरासमोर बैठक. घरी जाताना बरोबर जायचो. गप्प. लोकांना वाटायचं काय गोडी आहे बघा ह्या वयात.

मग ह्यांनी अर्ज टाकला. ती मागची काचेची खोली बघितलीत? चर्चाकक्ष. सभासदांना बोलायचं असेल तर तिथं बोलता येतं — दोन सभासद हवेत, विषय लेखी हवा, ग्रंथपालाची परवानगी हवी. विषय लिहिला होता ‘घरगुती’. आणि दुसऱ्या सभासदाच्या जागी माझं नाव! नामंजूर केला मी. अहो करणारच, मी कर्मचारी आहे, कर्मचाऱ्याला सभासद होता येत नाही. अध्यक्षांकडे गेलं प्रकरण. ते म्हणाले, ‘बाई, तुम्हाला नवऱ्याशी बोलायचं असेल तर आधी राजीनामा द्यावा लागेल.’ एक सदस्य म्हणाले, ‘घरी बोला की.’ म्हटलं, घरी ते बोलत नाहीत. अध्यक्ष म्हणाले, ‘घर आपल्या कार्यक्षेत्रात येत नाही.’ आणि चहा मागवला.

त्याच बैठकीत घंटेचा विषय होता. वाचनालय बंद करताना शिपाई घंटा वाजवायचा, तर कुणीतरी तक्रार केली की ती घंटा शांततेचा भंग करते. ठरलं, घंटा बंद, माणसानं सांगायचं — सौम्य, पण शेवटच्या टेबलापर्यंत पोचेल असं. सांगणार कोण? शिपाई तोतरा, माझा आवाज म्हणजे पत्र्यावर खडे. हे आपल्या अर्जाचा निकाल ऐकायला दारात उभे होते, त्यांनी हात वर केला. अध्यक्ष म्हणाले, नमुना ऐकवा. किती महिने झाले होते हो तो आवाज ऐकून... हे उभे राहिले, घसा साफ केला, आणि म्हणाले, ‘वाचकांनी कृपया लक्ष द्यावे.’ एवढंच. मी गोड चहात आणखी दोन चमचे साखर घातली. गोडच लागतो मला, दुसरं काय. ठराव झाला — घोषणा म्हणजे बोलणं नव्हे. तसं लिहूनच ठेवलंय. आणि ह्यांना मोकळं रान मिळालं!

कार्यकारिणीनं माइकही आणून दिला, रोज संध्याकाळी तो हातात घ्यायचे. ‘वाचनालय बंद होण्याची वेळ झाली आहे. पुस्तके जागेवर ठेवावीत. ग्रंथपालबाई आज डबा विसरून आल्या, तो काउंटरखाली ठेवलेला आहे. दूध संपले आहे, परतीच्या वाटेवर घेण्यात यावे.’ मी लाजेने अर्धी! पण करणार काय, ठरावात बसतं. दुसऱ्या दिवशी — ‘काल रात्री ग्रंथपालबाई खोकत होत्या. त्यांनी डॉक्टरांकडे जावे, अन्यथा नेण्यात येईल.’ ते चष्मेवाले आजोबा दिसताहेत ना, ते मला रोज विचारायचे, मान हलवूनच, की गेलात का डॉक्टरकडे. लोक बंद होईपर्यंत थांबायला लागले. वाचकांची संख्या वाढली, कार्यकारिणीनं माझं अभिनंदन केलं! आणि घरी गेलं की हे पुन्हा गप्प. दिवसभरातली तेवढीच काय ती आमची बोलाचाली, तीसुद्धा एकीकडून — कारण घोषणेला उत्तर द्यायची तरतूदच नाही.

लेकीला दिवस गेलेत आमच्या. पहिलंच आहे. डॉक्टरांनी झोपून राहायला सांगितलंय, ‘आई, तुम्ही दोघं या’ म्हणाली. मी म्हटलं, अगं इथं कोण बघणार? सहा महिन्यांत परत चावडी होईल. ह्यांनी ऐकलं, काही बोलले नाहीत — म्हणजे बोलतच नाहीत, पण तेव्हा जास्तच बोलले नाहीत. आणि काल संध्याकाळी माइक घेतला. ‘वाचकांनी कृपया लक्ष द्यावे. लेकीकडे जाणारी गाडी उद्या संध्याकाळी सुटत आहे. घोषणा करणारा त्या गाडीने जात आहे. त्याच्या शेजारची खिडकीकडची जागा राखून ठेवली आहे. ज्यांची ती जागा आहे, त्यांनी...’ आणि थांबले. बसस्थानकात हा माणूस कधी वाक्यात थांबला नाही हो. सगळे वाचक माझ्याकडे बघायला लागले. कुणी पुस्तकात नाही, सगळे माझ्याकडे. आणि मी काय केलं सांगू? एवढी वर्षं जे करत आले तेच — बोट ओठांवर गेलं. शूऽऽ केलं मी. मुद्दाम नाही हो! हात आपोआप गेला. ह्यांनी माइक ठेवला, बटण बंद केलं, वायर नीट गुंडाळली. सकाळी उठले तर बॅग नव्हती, हेही नव्हते — बसस्थानकावर जाऊन बसले असणार.

म्हणून तर... आं? किती वाजले? बघतेय मी मघापासून तुम्ही घड्याळाकडे बघताय. हो, वेळ झाली बंद व्हायची. होऊन गेली. कोण उठणार? घोषणा झाल्याशिवाय वाचनालय बंद झालं असं समजू नये — हाही माझाच नियम. बघा ना, एकजण हलत नाही. आजोबांनी चष्मा काढून ठेवलाय, बघताहेत इकडे. गाडी सुटायला थोडाच वेळ आहे, आणि ही सगळी बसलीत मख्खासारखी! शिपायाला विचारलं, तर म्हणतो, ‘बा-बा-बाई, तुम्हीच.’

द्या तो माइक. तुमच्या कोपराशी आहे, द्या. कुठून चालू होतो हा? — हं. वाचकांनी... वाचकांनी कृपया... नाही, हे त्यांचं आहे, मला नाही येत तसं. अहो, ऐका सगळे! मी निघाले. बसा हवं तेवढं, बोला, घोरा, थुंकी लावा बोटाला, काय वाटेल ते करा. शिपाई दिवे घालवील. — आणि तुम्ही काय माझ्या तोंडाकडे बघत उभ्या राहिलात ताई? तुमचा फॉर्म भरेल कुणीतरी, मी आता कर्मचारी आहे की नाही तेच मला माहीत नाही. सरका! दारातून बाजूला व्हा आधी — गाडी जाईल माझी!