मारताबाईचं पाच मिनटांचं मराठी

नाय, पण मी म्हणतो, मराठी बोलायला काय जीभ झिजती का आपली? समोरची बाई मराठी बोलती, चांगलं खणखणीत मराठी बोलती, आन् आपण तिला हिंदीत उत्तर देतो! कामून? तर म्हणं ती गोरी हाय. आता गोऱ्या माणसाला मराठी कळत नाय पण हिंदी कळतं, हे तुम्हाला कुणी येऊन सांगितलं वो?

तुम्हाला सांगतो, आमच्या छावणीतल्या घराच्या वरच्या खोलीत ही बाई राहायला आली. पोलंडची. नाव मार्टा. आमच्या मंडळीनं, आवडाबाईनं, दुसऱ्याच दिवशी तिची मारताबाई करून टाकली. पन्नाशीची बाई! ह्या वयात आपल्याकडं बाया सुनंला शिकवतेत, ही स्वतः शिकायला आली, आन् तेही मराठी! मी म्हणलं, एवढ्या लांबून कशाला? तर म्हणाली, "बाबा, मला ही भाषा आवडते." हे गल्लीत सांगितलं तर लोक आवाज बारीक करून विचारतेत, "ते ठीक हाय, पण खरं कशासाठी आली?" घ्या!

आन् राहिली काय मजेत! सकाळी तनुजा मॅडमकडं क्लास, दुपारून शहर पालथं. गुलमंडीवर इमरती, शहागंजात नान-खलिया, रिक्षात डायव्हरशेजारी बसून अर्धी बाहीर लोंबती, तरी हसती. हिमरूची शाल घेतली आन् मे महिन्यात पांघरली! शहरानं तिला सगळं दिलं वो... फक्त मराठी दिलं नाय.

टपरीवर जायची, म्हणायची, "दादा, एक चहा द्या, साखर कमी." टपरीवाला आमच्या पैठणकडचा, घरात मराठीशिवाय दुसरा शब्द नाय, तो म्हणणार, "मॅडम, शक्कर कम? अभ्भी देता!" ती पुन्हा मराठीत, "पाणी पण द्या." ह्याचं पुन्हा, "ठंडा के सादा?" अरे, जीभ झिजती का रं तुझी?

बाहीरच्यांचं सोडा, आमचं घरातलं रत्न बगा. विश्वजीत, आमचा थोरला, शेंद्र्याला कंपनीत सायब हाय. संध्याकाळी आला की जिन्याखालूनच वरडतो, "मॅडम, हाऊ वॉज युवर डे?" ती वरून, "छान गेला. तुमचा?" हा, "गुड, गुड!" ती, "जेवलात का?" हा, "यस, यस!" आता मी शाळंची पायरी चढलो नाय, मला दोन्हीकडचं समजलं. ह्याला आपलंच समजंना! ह्यासाठी शिकवलं का ह्याला?

मंग आली पंचाईत. तनुजा मॅडमनं अट घातली. जायच्या आदी अनोळखी माणसासोबत पाच मिनटं बोलायचं, फोनात टेप करायचं. दोघांनीबी मराठीतच बोलायचं. समोरचा हिंदीत गेला की ते धरायचं नाय. ते नाय दिलं तर सर्टिफिकेट नाय, आन् सर्टिफिकेट नाय तर तिकडची मोठी शाळा तिला पुढच्या वर्गात घेत नाय. बाई रोज फोन घिऊन निघायची आन् रोज तोंड पाडून यायची. एक दिवस पायरीवर बसली, डोळे लाल. "बाबा, माझं मराठी इतकं वाईट आहे का?"

काय सांगू तिला? म्हणलं, बाई, तुमचं बेस हाय, आमचे लोक वाया गेलेत. उद्या पाचोडचा बाजार हाय, माझ्यासोबत चला. खेड्यात कोण बोलतंय हिंदी?

कोण बोलतंय म्हणं! पहिलाच भेटला धोंडिबा, वांगेवाला. जन्मात पैठणच्या पलीकडं गेला नाय. बाई म्हणाली, "काका, वांगी कशी दिली?" तर ह्यो उठून उभा राहिला, टोपी सारखी केली, आन् म्हणतो, "मॅडम, एकदम ताजा हय! सुबे सुबे तोड्या!" मी म्हणलं, अरे मराठीत बोल की! तर मलाच, "तात्या, पाव्हणी हाय, तिला कळाया नको का?" "ती मराठीतच विचारती ना रं?" "व्हय की... लई छान विचारती." आन् वळून तिला, "मॅडम, बहोत छान पूछते आप!" आता ह्याला काय करावं? जीभ झिजती का ह्या लोकांची, का गहाण पडलीय?

शेवटी बांगड्यांच्या पालापाशी आलो. तिथं रईसाबी, बुरख्यात. म्हणलं, संपलं, ह्यांच्या तर घरातच दखनी उर्दू, हितं मराठीची काय आशा! तरी बाईनं फोन माझ्या हातात दिला, तोंडावर बोट ठेवून मला गप राहा म्हणली, आन् हात पुढं केला. "मला हिरव्या बांगड्या भरायच्या आहेत." रईसाबीनं वर बगितलंबी नाय. "ढिला सोड माय हात, किती ताठ धरलास! घरी कोण कोण हाय?"

मराठी! माझ्या अंगावर काटा आला.

"एक मुलगी आहे."

"आन् मालक?"

"सोडला."

"बरं केलंस. पेत होता?"

"नाही. फार बोलायचा."

"अगं बया, मंग तर लईच बरं केलंस!"

आन् ज्या दोघी सुटल्या! मुलीचं लगीन, गुडघ्याचं दुखणं, तिकडचं बर्फ, हितलं ऊन, नवऱ्यांच्या जातीचा पार उद्धार... पाच मिनटं कव्हाच उलटली. शेवटची बांगडी चढली आन् तुम्हाला सांगतो, माझं ऊर भरून आलं, राहवलंच नाय, मी वरडलो, "वाह रईसाबी! क्या बात है! कमाल कर दी तुमने!"

रईसाबीनं माझ्याकडं असं बगितलं... "तात्या, मराठीत बोला की. बाई मराठी हाय."

तनुजा मॅडमनं ते सगळं ऐकलं. म्हणाल्या, दोघींचं मराठी एकदम अस्सल, पास! पण शेवटी ते हिंदीत वरडणारे गृहस्थ कोण? मारताबाई भली बाई, मान खाली घालून म्हणाली, "बाजारात कुणीतरी परप्रांतातले आले होते."

आता मारताबाई गेली पोलंडला. तनुजा मॅडम मातर अधनंमधनं आमच्या घरी चहाला येतेत. लई चांगल्या हायेत, शेजारी बसून मायेनं विचारतेत, "आजोबा, तुम्ही काहीच का बोलत नाही?" मी नुसती मान हलवतो... आवाज ओळखला म्हंजी?