मी निरोप मागितला नव्हता

आजच्या सोहळ्याचे अध्यक्ष माननीय दिपेशभाई, प्रमुख पाहुण्या प्रगतीताई, ऑर्केस्ट्राचे मालक अमृतशेठ, व्यासपीठावर दाटीवाटीने बसलेले सगळे मान्यवर, आणि समोर डहाणू-तलासरीकडून, वाणगावहून, आमच्या धाकट्या डहाणूतून भाड्याच्या टेम्पोत बसून आलेल्या माझ्या माणसांनो, सगळ्यांना वेणू पागधरेचा नमस्कार.

आत्तापर्यंत एवढी भाषणं झाली. सगळी छान झाली. ताई असं गायच्या, ताई तसं गायच्या. अध्यक्षसाहेब, 'गायच्या, गायच्या' ऐकून मी दोनदा स्वतःला चिमटा काढून बघितला. माणूस समोर खुर्चीत बसलेलं असताना त्याच्याविषयी असं बोलायची रीत आपल्याकडे कधी सुरू झाली?

असो. अमृतशेठ म्हणाले, गेलं वर्ष ताईंच्या कारकिर्दीतलं सगळ्यात धावपळीचं वर्ष होतं. खरं आहे. माझ्या जुन्या कॅसेटमधल्या हळदीच्या गाण्यावर कुठल्याशा पोरींनी नाचून ते फोनवर टाकलं, आणि त्रेसष्टाव्या वर्षी मला पुन्हा मागणी आली. तुळशीची लग्नं लागली तशा हळदी सुरू झाल्या. आज चिंचणीला, उद्या बोर्डीला. वाणगावच्या एका हळदीत तर नवरदेवाची आई मला म्हणाली, "ताई, माझ्या हळदीलाही तुम्हीच होतात." घोट घोट गरम पाणी प्यायचं आणि गायचं. मधल्या दिवशी पालघरला स्टुडिओत नवी गाणी रेकॉर्ड करायची. दमत होते का? दमत होते. पण चाळिशीत मी जेवढी आनंदात नव्हते तेवढी या वर्षी होते.

आवाज पूर्वीचा राहिलेला नाही. हे मला तुमच्या कुणाच्याही आधी कळलंय, कारण तो माझ्या गळ्यात आहे. वरच्या पट्टीत तो फाटतो. म्हणून मी पट्टी खाली घेतली होती. वादकांना सांगून, सगळ्यांसमोर.

आता तलासरीचं सांगते. अमृतशेठ, असं घड्याळाकडे बघू नका, लांबवत नाही.

तलासरीला मैदानावर मोठा कार्यक्रम होता. माणूस मावत नव्हतं. मी नवं गाणं घेतलं, स्टुडिओत दिवसभर उभी राहून गायलेलं. म्युझिक सुरू झालं, मी माइक तोंडाशी नेला आणि मी तोंड उघडायच्या आतच स्पीकरमधून गाणं सुरू झालं! मला वाटलं, साउंडवाल्याकडून चुकून ट्रॅक लागला. मग नीट ऐकलं. शब्द माझे, हेल माझे, सावकाश उचलायची ढब माझी. आवाज माझा नव्हता. माझा माइक तर बंदच होता.

काय करावं माणसानं? मी ओठ मिटले. माइक खाली धरला आणि उभी राहिले. गाणं आपलं चाललंय आणि बाई तोंड मिटून उभी! आधी लोक हसले. मग हसणं थांबलं. पुढे बसलेली एक म्हातारी, तिचं नाव बुधीबाई हे मला नंतर कळलं, उठून ओरडली, "बाय, तू का गप? तू गा ना!" पण मी गाणार कशात?

स्टेजमागे जाऊन मी विचारलं, "अमृत, हे काय?" इथे व्यासपीठ आहे म्हणून शेठ म्हणते. एरवी तो मला मावशी म्हणतो. त्याच्या वडिलांनी, चंदरभाऊंनी, मला पहिल्यांदा स्टेजवर उभं केलं तेव्हा हा चड्डीत हार्मोनियमखाली झोपायचा.

तो म्हणाला, "मावशी, तुमच्या वयाला झेपावं म्हणून केलं. तुम्ही नुसत्या उभ्या राहा. लोक तुम्हाला बघायला येतात."

मी म्हटलं, "आणि ऐकायला?"

"ऐकायला प्राजक्ता आहे ना."

प्राजक्ता म्हणजे त्याची सून. ती तिथे तिसऱ्या रांगेत बसली आहे. स्टुडिओतलं माझं गाणं पुसून तिच्याकडून गाऊन घेतलं, आणि बाजारात आणलं माझ्या नावानं, माझ्या फोटोसकट. मी तिला विचारलं, तर म्हणाली, "पप्पा म्हणाले, तुम्हीच सांगितलंय." मी म्हटलं, "मग मला एक फोन करायचास." त्यावर म्हणते, "सासऱ्यांवर अविश्वास कसा दाखवू?" पोरी, तुझा गळा चांगला आहे. माझ्यापेक्षा वर जातो. तुझ्या नावानं गायली असतीस तर पहिली टाळी मी वाजवली असती. माझ्या नावाखाली लपून गायलीस, त्याचा मला राग आहे, आणि तो आज जाणार नाही.

त्या दिवशी मी अमृतला सांगितलं, यापुढे तुझ्या ऑर्केस्ट्रात गाणार नाही. दुसऱ्यांबरोबर गाईन. आठवडाभरात सागर नाक्यावर बॅनर लागला. 'ज्येष्ठ गायिका वेणूताई यांचा निरोप समारंभ.' माझा हात जोडलेला फोटो. मला कुणी विचारलं नाही. बहीण मासळी घेऊन बाजारात गेली होती, तिनं बघितलं आणि रडत घरी आली. तिला वाटलं, मला काहीतरी मोठा आजार झालाय आणि मी तिच्यापासून लपवतेय.

बॅनर वाचून वाणगावच्या एका घरानं माझ्याशी ठरलेली हळद मोडली. नवरीचे वडील भला माणूस, म्हणाले, "ताई, तुम्ही आता गात नाही असं कळलं, म्हणून आम्ही अमृतशेठकडेच दिली." बघा, माणसाला निरोप द्यायचा आणि त्याचं कामही घ्यायचं, दोन्ही एकाच बॅनरवर!

तुम्ही म्हणाल, मग आलात कशाला? न येते, तर अमृतशेठनी याच माइकवरून सांगितलं असतं, की ताईंची प्रकृती बरी नाही. म्हणून आले. जिना चढून आले, सगळ्यांनी बघितलं.

साउंडवाल्या भाऊ, मालकांनी खूण केलेली मलाही दिसली. खुशाल बंद कर. एवढ्याशा हॉलला मला माइक लागत नाही.

...थँक्यू. चालू ठेवलास.

आता हे सन्मानचिन्ह. काचेचं आहे, सुंदर आहे. यावर कोरलंय, 'गायनातून निवृत्तीनिमित्त'. प्रगतीताई, तुमचा काही दोष नाही, तुम्हाला हातात दिलं ते तुम्ही मला दिलंत. पण खोटं कोरलेली वस्तू मी घरी नेत नाही. इथे टेबलावर ठेवते.

येत्या रविवारी गंजाडला काकड्याभाऊंच्या नातीची हळद आहे. बॅनर वाचूनही ते माझ्या दारात आले. मी म्हटलं, "भाऊ, आवाज मधेच फाटतो हां." तर म्हणाले, "फाटू दे. हळदीत कोणाचा नाय फाटत?" तिथे मी गाणार आहे. ऑर्केस्ट्रा नाही, एक ढोलकी आणि मी. ज्यांना ऐकायचंय त्यांनी यावं. नुसतं बघायचं असेल त्यांनी अमृतशेठकडून फोटो घ्यावा.

आपण सगळे कामधंदा टाकून आलात, शांतपणे ऐकलंत, उपकार मानते. बोलायला बसल्यावर माझा तोल सुटतो. कुणाला काही लागलं असेल, तर समोर बसलेल्यांनी मला आपली म्हणून क्षमा करावी. व्यासपीठावरच्या अमृतशेठची मात्र मी माफी मागत नाही. त्यांना लागावं म्हणूनच बोलले.

नमस्कार.