आईसाठी मांडलेलं बिऱ्हाड

...नाही, पंख्याचं मला दुःख नाहीच हो! पंखा गेला तर गेला. पण तुम्हाला सांगतो, शुक्रवारी माझी आई बोटीतून उतरणार आणि गुरुवारी माझ्या बैठकीच्या खोलीत काय उरलं होतं? मी. मी आणि भिंतीवरची बुरशी.

आता आमच्या समुद्रकाठच्या सुवा शहराची हवा तुम्हाला काय सांगायची! सकाळी शर्ट दोरीवर टाकावा, तर संध्याकाळी आणखी ओला होऊन हातात येतो. कपाटातल्या बुटांवर हिरवळ उगवते. त्यात दुसऱ्या मजल्यावरचा दोन खोल्यांचा भाड्याचा ब्लॉक, भिंतीला खिळा ठोकायचा नाही असं मालकानं लिहून घेतलेलं... आणि त्याचं मला घर करायचं होतं. आईसाठी हो! बाहत्तर वर्षांची म्हातारी, तिकडे कादावू बेटावर गावात एकटी राहते, गेल्या महिन्यात नळावर घसरून पडली ती दोन तास तशीच पडून होती. ते कळल्यापासून माझ्या घशाखाली घास उतरेना. म्हटलं, आई, आता माझ्याकडे ये कायमची. तर फोनवर म्हणते कशी, "येते रे इनोके. पण तुझ्या भावाकडे तीन दिवस राहिले ना, त्या डबीत जीव गुदमरला माझा. तुझ्याकडेही तसंच झालं, तर मंगळवारची परतीची बोट आहेच."

म्हणजे चार दिवसांत निकाल!

लागलो कामाला. व्हिनेगरनं भिंती पुसल्या, उभा पंखा आणला, मोठ्या मोठ्या जास्वंदी छापलेले पडदे आणले, आणि चटई... काय चटई होती म्हणून सांगू, केवड्याच्या पातीची, कडेला लाल-हिरव्या लोकरीची झालर, अख्खी खोली झाकेल एवढी! रविवारी सगळं मांडलं आणि कौतुकानं दार उघडं टाकून बसलो. तिथंच माती खाल्ली. आमच्यात उघडं दार दिसलं की माणूस आत येतो आणि आत आला की मागतो. 'केरेकेरे' म्हणायचं, म्हणजे 'दे ना रे बाबा', की देणाऱ्यानं गुमान द्यायचं. वाडवडलांपासूनची रीत.

पहिली आली खालची माकेरेता. पाच पोरांची आई, धाकटी काखेला. "इनोकेदादा, केरेकेरे, पंखा दे रे. बघ ना पोरीची पाठ, नुसतं घामोळं." आणि पोरगी पाठमोरी धरली माझ्यासमोर! आता नाही कसं म्हणणार, तुम्हीच सांगा.

मग समोरचा पेर्माल. याचा पणजोबा मद्रासकडून उसाच्या मळ्यावर आलेला, पण मागण्यात हा आमचा गुरू शोभेल. आवाज एकदम खाली आणून, "भाईसाब, मुलीला बघायला येतायत हो उद्या. आमच्या खिडक्या अशा उघड्याबोडक्या... केरेकेरे..." पोरीच्या लग्नाचा प्रश्न! नाही कसं म्हणणार?

तरी म्हटलं, चटई आहे ना, आई चटईवर बसेल. बुधवारी वरचा साकिउसा काळा शर्ट घालून दारात उभा. चटईकडे बघतोय नि नाक ओढतोय. "मावशी गेली रे. मयताला रिकाम्या हातानं कसा जाऊ?" आमच्यात मयताला चटई न्यायची असते, आणि मयताला गेलेली चटई परत येत नसते. पण माणसाची मावशी गेलीय, नाही कसं म्हणणार? घडी घालायला मीच मदत केली...

शुक्रवारी आई आली. हातात अळूच्या गड्ड्यांची टोपली, उभी राहिली रिकाम्या खोलीच्या मधोमध.

"पंखा आणला म्हणाला होतास?"

"खाली आहे."

"पडदे?"

"समोर."

"आणि चटई?"

"मयताला गेली."

तिनं खोलीभर नजर फिरवली हो. वाटलं, म्हातारी मनात मंगळवार मोजतेय. तर ती दाराशी गेली, उघड्या दाराला टोपली टेकवून ठेवली आणि जिन्यात तोंड करून हाळी दिली, "केरेकेरे! म्हातारी उभी आहे गं, बसायला कुणी काही देता का?"

झालं! खालून पंखा आला, त्यामागून माकेरेता आणि पाचही पोरं. समोरून पडदे आले, पेर्माल मिठाई वाटतोय, पोरीचं जमलं होतं. साकिउसानं तर बायकोची लग्नातली चटई काढून आणली. त्या चटईवर आम्ही अकरा माणसं, घामानं निथळतोय, आणि मधोमध आई गड्डे सोलतेय. मला म्हणाली, "तुझ्या भावाकडे सगळं होतं रे. पण तीन दिवसांत दारावर थाप पडली नाही." मी कांदा चिरायच्या निमित्तानं आत गेलो. रडलो, त्यात काय लाजायचं?

मंगळवारची बोट गेली. आई राहिली. घर झालं एकदाचं!

परवा कामावरून दमून आलो, शर्ट काढला, पाठ टेकायला आतल्या खोलीत गेलो तर पलंगच नाही. म्हटलं, "आई, माझा पलंग?"

तिनं मानसुद्धा वर केली नाही. "साकिउसाचा मेहुणा आलाय गावाहून, पाठ धरलीय बिचाऱ्याची. मागितला त्यानं. आता नाही कसं म्हणणार, तूच सांग."