गवत कापायचं मशीन मधेच बंद का पडतं

—नाही, असा जाऊ नकोस, राणोजी. कोयता घेतलास, टॉवेल घेतलास, शेडमधलं तुझं सगळं सामान घेतलंस, ठीक आहे. पण जरा थांब. काल सोसायटीच्या मीटिंगमध्ये मी सगळ्यांसमोर बोललो ना, की हे मशीन मधेच बंद पडतं ते तुझ्यामुळे, तू टाकीतलं पेट्रोल काढतोस आणि वर रॉकेल ओततोस — ते आता तुझ्यासमोर उघडून दाखवतो. म्हणजे उद्या कोणी म्हणायला नको, दत्तोपंतांनी उगाच माळ्याला घालवलं. माझी अख्खी नोकरी इंजिनं तपासण्यात गेली. उगाच बोलत नाही मी. बस त्या कट्ट्यावर. नाही बसायचं? बरं, उभा राहा.

हे बघ — चोक दिला, दोरी ओढली, झालं चालू. पहिल्यांदा होतंच, तो प्रश्नच नाही. ऐक, कसं छान चाललंय. आता वाट बघायची. वाईट वाटलं असेल तुला, कळतं मला — तुला इथं आणला तरी कोणी? मीच ना? गेटपाशी तुझी ती तंजावरची जुनी मराठी ऐकली आणि म्हटलं, चेन्नईच्या या अण्णा नगरात आपलं बोलणारा माणूस भेटला, ठेवून घेऊ या. आणि हे मशीनही मीच घ्यायला लावलं. सगळे म्हणत होते, राणोजी विळ्यानं कापतो तेच बरं. मी ऐकलं नाही. मग ते बंद पडायला लागल्यावर लोक कोणाला हसणार? तुला नाही, मला! अलमेलू मामी रोज गॅलरीतून — ‘दत्तोपंत सार, मिशिन तूंगिडुच्चा?’ झोपलं का म्हणे मशीन! वर वॉचमनही दात काढणार. माणसानं किती ऐकून घ्यायचं — हां, गेलं बघ. आवाज बसला, दोन आचके दिले आणि गेलं. दम कोंडल्यासारखं.

आता प्लग. रॉकेल असेल तर काळाकुट्ट निघेल, काजळी धरलेला. हा बघ— हं. तांबूस आहे. कॉफीच्या डिकॉक्शनच्या रंगाचा. असा असला की… म्हणजे, प्लग चांगला आहे. ठीक. प्लगवरून सगळंच कळतं असं नाही. एअर फिल्टर बघू, तो नक्की गवतानं भरलेला असणार, तुम्ही लोक कधी साफ— हा धुतलास तू? कधी? परवा? अरे, मग बोलायचं ना. काल का नाही बोललास? …हो, मी बोलू दिलं नाही. ते खरं आहे.

पेट्रोलची जाळी… तीही स्वच्छ. बरं, पेट्रोलच बघू, तिथंच तर मेख आहे. काल मी कागदावर दोन थेंब टाकून दाखवले की नाही? साधं पेट्रोल उडून जातं, कागद कोरा राहतो. आणि याचा राहिला डाग. सगळ्यांनी माना डोलावल्या — शेजारची चित्रा तर म्हणाली, सार, तुम्ही होता म्हणून कळलं. डाग राहिला म्हणजे रॉकेल. आता या मशीनला पेट्रोलमध्ये तेल मिसळावंच लागतं, ते न मिसळलं तर इंजिन जाम होईल, आणि तेल असलं की डाग तर राहणारच, शुद्ध असलं तरी— असा बघू नकोस माझ्याकडे. कळत होतं मला. थेंब टाकतानाच कळत होतं. पण सगळे बघत होते, राणोजी, आणि पहिल्यांदाच कोणी हसत नव्हतं.

असो. डाग सोड. डागावर मी सगळं ठरवलं नव्हतं. मी वरून रोज बघत होतो तुला. बंद पडलं की तू टाकीचं झाकण उघडायचास. काहीतरी करायचास, झाकण लावायचास, आणि लगेच मशीन चालू! झाकण उघडून तू करत काय होतास, सांग की. पेट्रोल आहे का ते बघत होतास? नुसतं बघून मशीन चालू होतं का कुठं? आण, मीच उघडतो आता, आपण दोघं बघू—

…ऐकलंस?

सुस्स् केलं. हवा आत गेली. जोरात ओढली टाकीनं.

थांब. मी झाकण लावतो परत. दोरी ओढ तू… हां. चालू झालं. मीही काही ओतलं नाही, नुसतं उघडलं. म्हणजे पेट्रोल जातं खाली आणि त्याच्या जागी हवा येत नाही. झाकणाला बारीकसं भोक असतं हवेसाठी, टाचणीएवढं. ते बुजलं असेल तर… बंद कर, बंद कर ते. चष्मा कुठाय माझा. हे काय बसलंय यात? माती नाही ही. पिवळं आहे. नखानं निघतंय— वास—

चंदन आहे.

आयुधपूजेचं, आपल्या खंडेनवमीचं. तू सगळी अवजारं घासून मांडली होतीस ओळीनं. फावड्याला दांड्यावर बोट लावलं, कात्रीला मुठीवर, आणि मशीनला… ते टाकीचं झाकण, गोल, वर आलेलं, मला वाटलं हेच याचं कपाळ. चांगलं तीन बोटांनी दाबून लावलं, वर कुंकू. तू नाही. मी लावलं. सगळे फोटो काढत होते, म्हणून जास्तच दाबून लावलं. तेव्हापासून तर बंद पडतंय ते. आणि तू उघडायचास, हवा आत जायची, चालायचं थोडा वेळ…

ओरड तरी माझ्यावर.

हे बघ, एक करू. प्लग गेला होता म्हणून सांगतो. नवा बसवला, आता ठीक आहे, राणोजीला परत घेऊ या. तुझं काम होईल आणि माझं… नको? मान हलवलीस. बरोबर आहे. प्लग म्हटलं तर रॉकेल तुझ्या नावावर तसंच राहील. पुढच्या गल्लीतल्या बिल्डिंगमध्येही तेच सांगतील तुझ्याबद्दल. बरोबर आहे तुझं.

मग सांगतो. आत्ताच जातो, दारोदार. काल तुला मधोमध उभं करून बोललो, तमिळमध्ये बोललो, सगळ्यांना नीट कळावं म्हणून. आता तेवढंच नीट तमिळमध्ये सांगायचं. पहिलं दार अलमेलू मामींचं — नाही, तू येऊ नकोस बरोबर. का म्हणजे? तू समोर असताना तुला चोर म्हणणं जमलं मला. हे नाही जमायचं. तू बघत असलास तर मी पुन्हा प्लगच म्हणेन, मला माहीत आहे मी कसा आहे. सामान राहू दे इथंच, उद्या लागेल तुला. तू जा हो. पाया पडतो, जा.