होडीहून लांब

बिलाच्या रांगेत माझ्यापुढे पिकल्या केसांची आई आणि तिची लेक. लेकीच्या हातात केशरी लाइफ जॅकेट.

"आई, हेच घेऊ. पाठीला पातळ आहे, तुझ्या त्या कयाक होडीत टेकून बसता येईल."

"रंग बघ की. हे ध्यान बघून मासे पळतील."

"पळू देत. मला काठावरून तू दिसायला हवीस. परवा माझा जीव टांगणीला लागला होता."

"परवा तो खालून गेला ना. होडीहून लांब मासा गं. पाठीनं होडी अलगद उचलली नि खाली ठेवली, बाळाला पाळण्यात ठेवावं तशी."

"आणि तू?"

"गळ गुंडाळून घेतला. त्याच्यापुढे कसला गळ टाकायचा?"

"भीती नाही वाटली?"

"वाटली की. पण पुन्हा बघायचाय."

लेकीनं जॅकेट काउंटरवर ठेवलं. मग म्हणाली, "असंच अजून एक द्या. माझ्या मापाचं."